ओकायामातल्या दहा रात्री

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरात इ. स. १७०० मध्ये पूर्ण झालेली कोराकुएन नावाची बाग आहे, तिच्या धर्तीवर ते उभारलं गेलं. दोन शहरांची मैत्री अशी बागेत दिसते. दोन घरांच्या मैत्रीचा कस मात्र न्हाणीघरात, जेवणाच्या पानावर आणि पाहुण्याच्या अंथरुणाशी लागतो.

ओकायामातल्या एका घराशी आमचं असं नातं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी माझ्या जपानी मैत्रिणीच्या आईवडिलांकडे दहा रात्री राहिले होते. मैत्रीण आता त्याच घरात आईसोबत राहते. तिची मुलगी पुण्यात शिकायला आली, तेव्हा माझ्या भाचीशी तिची गट्टी जमली आणि आता तिने भाचीला नोव्हेंबरात घरी बोलावलं आहे. मित्राच्या निमंत्रणावर जपानला जायचं, तर व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र लागतं आणि मुक्कामाचा दिवसागणिक तक्ताही लागतो. कोणत्या तारखेला काय करणार, रात्री कुठे राहणार, हे सगळं त्यात भरायचं. मैत्रिणीच्या मुलीने तक्त्याचा कच्चा खर्डा पाठवला होता. रविवारी सकाळी भाची तो घेऊन माझ्याकडे आली आणि चहा निवेपर्यंत आमची जुंपली. ते बोलणं पाहुणा म्हणून जाणाऱ्या कोणालाही लागू पडेल, म्हणून इथे लिहून काढते आहे.

मी : हे काय? दहाच्या दहा ओळींत एकच पत्ता?

भाची : मग? त्यांनी घरीच बोलावलंय ना. आणि ओकायामा किती सोयीचं आहे बघ. शिंकान्सेनने हिमेजी वीसेक मिनिटांवर, हिरोशिमा चाळीसेक मिनिटांवर. कुराशिकी तर साध्या गाडीने पाव तासावर. सकाळी बाहेर पडायचं, दिवसभर फिरायचं, रात्री घरी. हॉटेलचे पैसेही वाचतात.

मी : म्हणजे तू त्यांच्याकडे राहायला नाही, झोपायला चालली आहेस. रात्री उशिरा यायचं, आंघोळ करायची, तयार अंथरुणावर पडायचं आणि सकाळी निघायचं. त्याला लॉज म्हणतात. फरक इतकाच, की लॉजवाल्याला आपण पैसे देतो.

भाची : मावशी, किती टोचून बोलतेस! मी काही पैसे वाचवायला जात नाहीये. मला ते घर बघायचंय. हॉटेलातून शहर दिसतं, मंगळवार दिसत नाही. लोक सकाळी उठून काय करतात, डबा कसा भरतात, आजी टीव्हीवर काय बघते, हे मला कोणतं हॉटेल दाखवणार?

मी : ते खरं आहे. पण तो मंगळवार त्यांचा असतो. पाहुणा घरात आला की मंगळवार मंगळवार राहत नाही. दहा दिवस सणाचे होतात आणि सण कोणाला तरी राबून साजरा करावा लागतो. माझी मैत्रीण नोकरी करते, तिची आई ऐंशीच्या पुढची आहे. घरात न्हाणीघर एकच. तुला कोणती खोली देतील, ते मला माहीत आहे. खालची, सहा तातामींची.

भाची : सहा तातामी म्हणजे केवढी?

मी : एक तातामी साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. म्हणजे साधारण नऊ बाय बारा फुटांची खोली. तिथेच त्यांचा बुत्सुदान आहे, घरातल्या गेलेल्या माणसांचं देवघर. मला तीच खोली दिली होती. प्रवासाने दमले होते, म्हणून पहिल्या सकाळी मी आठपर्यंत झोपले. सरकतं दार उघडलं, तर ओकासान, म्हणजे मैत्रिणीची आई, बाहेर लाकडी जमिनीवर गुडघे मोडून बसल्या होत्या. हातातल्या तबकात वाटीभर भात आणि पाण्याचा पेला. रोज भात शिजला की पहिली वाटी आत ठेवायची, उदबत्ती लावायची, हा त्यांचा नेम. मी झोपले होते म्हणून त्या थांबल्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. भाताची वाफ केव्हाच गेली होती. मला बघून हसल्या आणि 'नीट झोप लागली ना?' असं विचारलं.

भाची : पण रागावल्या नाहीत ना.

मी : तेच तर म्हणते आहे. रागावल्या असत्या, तर दुसऱ्याच दिवशी मी सहाला उठले असते. मला ते कळायला तीन दिवस लागले. त्या घरात तुझी चूक तुला कोणी सांगणार नाही. आपल्याकडे एखादी मावशी, एखादी आजी 'अगं, असं नाही करायचं' म्हणून मोकळी होते. तिथे पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून सगळे गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्यात पाहुणा एकावर एक चुका करत जातो.

भाची : तुझी पाण्याची गोष्ट आईने मला सांगितली आहे. तुझ्या तोंडून मात्र कधी ऐकली नाही.

मी : आज ऐक. तिथलं न्हाणीघर दोन भागांत असतं. बाहेर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच त्या खोल टबात उतरायचं. टब अंग शेकायला असतो, धुवायला नसतो. पाणी चाळीस-एकेचाळीस अंशांचं, गळ्यापर्यंत. एकदा भरलेलं पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात, वर झाकण ठेवतात म्हणजे ऊब टिकते. उरलेलं पाणी पुष्कळ घरांत सकाळी कपडे धुवायच्या यंत्रात जातं. पहिला मान पाहुण्याचा, म्हणून मला आधी पाठवलं. टबात उतरले. इतकं छान वाटलं की प्रवासाचा सगळा शीण गेला. बाहेर आले आणि आपण वापरलेलं पाणी दुसऱ्यासाठी ठेवायचं नाही, या आपल्या संस्काराने टबाचं बूच काढलं. टब घासला, पुसला, कोरडा केला. आपण किती नीटनेटके पाहुणे, याचं समाधान वाटत होतं.

भाची : आणि घरात अजून चार माणसं आंघोळीची होती.

मी : मैत्रिणीचे वडील कामावरून आलेले, कपडे घेऊन उभे होते. आतून ओकासानचा आवाज आला नाही, फक्त नळ सोडल्याचा आवाज आला. टब पुन्हा भरायला वेळ लागतो. त्या रात्री घर साडेअकराला झोपलं. दुसऱ्या रात्रीही मी तेच केलं. तिसऱ्या दिवशी मैत्रीण टोकियोहून आली, तिने मला हळूच बाजूला नेऊन सांगितलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. म्हणून म्हणते, दहा रात्री नकोत. स्टेशनजवळ साधं हॉटेल घे. एक दिवस जेवायला जा, भेट दे, आजीच्या पाया पड आणि परत ये. सगळ्यांचं प्रेम शाबूत राहील.

भाची : मावशी, आता माझं ऐक. तू हे सगळं त्रासाच्या मापाने मोजतेस. त्यांनी केलेलं सगळं देण्याच्या वहीत लिहून ठेवतेस. मैत्री अशी खतावणीत मांडता येते का? त्यांची मुलगी दिवाळीत आपल्याकडे सहा दिवस होती. आईला त्रास झाला का? झालाच. तिला तिखट चालत नव्हतं, म्हणून वेगळी भाजी करावी लागायची. बाबांनी आपली खोली दिली, ते हॉलमध्ये झोपले. पण ती गेल्यावर आईने काय केलं? तिने घातलेली रांगोळी चार दिवस झाडू दिली नाही. ती हॉटेलात उतरून नुसती फराळाला आली असती, तर आईला कसं वाटलं असतं?

मी : वाईट वाटलं असतं.

भाची : मग आईला जे वाईट वाटलं असतं, ते त्यांना वाटणार नाही का? पाहुणा नको म्हणतो, तेव्हा यजमानाच्या हातातलं काहीतरी काढून घेतो. 'तुम्हाला त्रास नको' असं म्हणणं दर वेळी नम्रपणाचं नसतं. कधीकधी त्याचा अर्थ 'मला तुमचं ऋण नको' असा होतो. ऋण नको, म्हणजे नातंही बेताचंच हवं.

मी थोडा वेळ गप्प बसले. हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मी : जपानी घरात पाऊल टाकताना काय म्हणतात, माहीत आहे ना तुला?

भाची : 'ओजामा शिमास'.

मी : त्याचा शब्दशः अर्थ, 'मी तुमच्या वाटेत येते आहे, अडचण करते आहे.' ही नुसती रीत नाही, ती कबुली आहे. पादत्राणं काढण्याच्या गेन्कानमध्ये उभं राहून, वर पाय ठेवायच्या आधी पाहुण्याने ते कबूल करायचं. मग चपला काढायच्या आणि त्यांची टोकं दाराकडे करून ठेवायच्या. म्हणजे येतानाच जाण्याची दिशा ठरलेली असते. आपल्याकडेही म्हण आहेच : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. दोन्हीकडच्या शहाण्यांनी एकच सांगून ठेवलंय.

भाची : पण राहायला जाणारा आणखी एक वाक्य म्हणतो. ते तूच मला शिकवलंस : 'ओसेवा नि नारिमास'. 'मी तुमच्या देखभालीत येते आहे, माझी काळजी तुमच्यावर सोपवते आहे.' आणि निघताना, 'ओसेवा नि नारिमाश्ता', तुम्ही माझी काळजी वाहिलीत. दोन्ही वाक्यं त्याच दारात म्हणायची. तू पहिलं धरून बसलीस, दुसरं विसरलीस.

मी : 'ओसेवा' म्हटलं की आपल्या कानाला 'सेवा' ऐकू येतं. दोन शब्दांचं काही नातं नाही, पण अर्थ जवळ येतो खरा.

भाची : मग सेवा घ्यायला मन मोठं लागतं की नाही? आणि अजून एक. तू म्हणतेस, ते लोक काही बोलत नाहीत. ओकासान पुण्यात आल्या होत्या, तेव्हा आपण तरी बोललो का?

हा प्रश्न मला लागला, कारण ती हकीकत मला चांगली आठवते. माझ्या त्या मुक्कामानंतर दोन वर्षांनी ओकासान मुलीसोबत पुण्याला आल्या, आमच्या घरी उतरल्या. होळीचा दिवस होता. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. जपानी माणसाला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की पानात एक शीतही मागे ठेवायचं नाही. वाढलेलं संपवणं म्हणजे करणारीचा मान. आमच्याकडे पान रिकामं दिसलं की वाढायचं, हा यजमानाचा धर्म. आईने पोळी वाढली, ओकासाननी ती संपवली. आईने दुसरी वाढली, वर तुपाची धार. तीही संपली. 'आवडलेली दिसते,' म्हणून आत्याने तिसरी वाढली. मग चौथी. ओकासानच्या कपाळावर घाम आला होता, पण त्या हसत होत्या, मान लववत होत्या आणि एकेक घास गिळत होत्या. आपल्याकडे पुरे झालं की पानावर हात आडवा धरतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर त्यांना उलट्या झाल्या. 'पुरे' हा त्यांना सगळ्यात आधी लागणारा मराठी शब्द होता आणि तोच आम्ही शिकवायला विसरलो होतो.

मी : नाही बोललो. सकाळी त्या मऊ भात खात होत्या, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाची : आणि तरीही त्या नंतर दर नव्या वर्षाला पत्र पाठवत राहिल्या. म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांना पुरेसा त्रास दिला आणि मैत्री त्यातून तगली. मला तर वाटतं, त्यातूनच वाढली. तू हॉटेलात राहिली असतीस, तर बूच काढलं गेलं नसतं. पण आज मला त्या घरातून बोलावणंही आलं नसतं.

मी : तगली, कारण माणसं चांगली होती. सगळीकडे असं होत नाही. आपलीच माणसं बघ. अमेरिकेतल्या भाच्याकडे दोन-दोन महिने जाऊन राहतात. दोघंही नोकरीवर, मूल पाळणाघरात. शनिवार-रविवार आला की यांना नायगारा दाखवायचा. रजा संपतात, गाडीचं चाक फिरतच असतं आणि परत आल्यावर पाहुणे सांगतात, 'तिथे कोणाला वेळच नसतो.' रक्ताच्या नात्यात हे होतं. मैत्रिणीच्या घरात होणार नाही कशावरून?

भाची : होईल. दहा दिवस सलग राहिले आणि घराला लॉज केलं, तर नक्की होईल. ते तुझं मला पटलं. खरंच पटलं. पण एक दाखवते. हे काल रात्री आलं.

तिने फोन पुढे केला. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा निरोप होता, जपानीत. तीनच ओळी. 'आजीने कोम्बू आणून ठेवला आहे. म्हणते, पुण्याची मुलगी येणार, दाशी कोम्बूचीच करायची. तू मासे खात नाहीस, हे तिला माझ्याआधी आठवलं.'

ज्यांना जपानी स्वयंपाक माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. दाशी म्हणजे तिथल्या बहुतेक पदार्थांचा पाया असलेलं पाणी. मिसोच्या सूपात ते असतं, शिजवलेल्या भाज्यांत असतं, कित्येकदा अंड्याच्या वडीतही असतं. रोजच्या वापरातली दाशी बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून कडक केलेल्या माशाच्या पातळ कापांची असते. कोम्बू हे समुद्री शेवाळ. नुसत्या कोम्बूची किंवा वाळवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी शाकाहाऱ्याला चालते. बौद्ध मठांतल्या शोजिन र्योरी या शाकाहारी स्वयंपाकात तीच वापरतात.

मी जाताना 'नीकु खात नाही' एवढंच सांगितलं होतं. जपानीत 'नीकु' म्हणजे मांस, त्यात मासा धरत नाहीत. ओकासाननी चार दिवस मला भाज्या, तोफू, सूप असं सगळं जपून, मांसाचा कण न घालता करून वाढलं होतं. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. एका डब्यात लाकडाच्या भुशासारखे गुलाबी-तपकिरी पापुद्रे होते. मी विचारलं, हे काय? त्यांनी आनंदाने सांगितलं. माझा चेहरा बघितला आणि त्यांच्या हातातला झारा खाली आला. त्या तिथेच मान लववून माझी क्षमा मागत राहिल्या आणि मी त्यांचे हात धरून सांगत राहिले, की चूक माझी आहे, मीच नीट सांगितलं नाही. त्या दिवसानंतर आम्ही हा विषय कधीच काढला नाही. दोघींनाही लाज वाटत होती.

मी : पंचवीस वर्षं त्यांनी हे लक्षात ठेवलं.

भाची : त्रास म्हणून ठेवलं, की तुझी आठवण म्हणून?

मी : मला वाटत होतं, त्रास म्हणून. आज पहिल्यांदा वाटतंय, तसं नसेल.

भाची : मग मी राहायला जाऊ ना?

मी : जा. हॉटेलात उतर म्हणणं माझं चुकलं. ऐंशीच्या पुढची बाई बाजारात जाऊन कोम्बू आणते आणि आपण स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरायचं, हे मला आता सांगवणार नाही. पण दहा रात्री सलग नाही. त्यावर मी ठाम आहे.

भाची : किती मग?

मी : पहिल्या तीन रात्री त्यांच्याकडे. त्या तीन दिवसांत हिमेजी नाही, हिरोशिमा नाही. घरात राहा. आजीबरोबर कोराकुएनला जा, नदीपलीकडचा काळा किल्ला बघ. त्याला तिथले लोक कावळ्याचा किल्ला म्हणतात. बाजारात पिशवी उचल. तुझा मंगळवार तुला तिथेच दिसेल. मग बाहेर पड. सहा रात्री हिरोशिमा, हिमेजी, क्योतो, हवं तिथे हॉटेलात राहा. त्यांनाही त्यांचं घर सहा दिवस परत मिळू दे. आणि शेवटची एक रात्र पुन्हा त्यांच्याकडे.

भाची : शेवटची कशाला? विमानतळाजवळ राहणं सोयीचं पडेल.

मी : सोयीसाठी नाही, दारात उभं राहून 'तादाइमा' म्हणायला. 'मी आले.' आतून 'ओकाएरी' येईल. ते घरच्या माणसालाच म्हणतात. पहिल्यांदा जाणारा पाहुणा 'ओजामा' म्हणतो. बाहेर जाऊन परत आलेल्याला 'तादाइमा' म्हणता येतं. सहा दिवस लांब राहिल्याशिवाय तुला तो शब्द मनापासून म्हणता येणार नाही.

भाची : हे मला दहा सलग रात्रींपेक्षा आवडलं. अजून काय काय सांभाळू?

मी : पहिल्या संध्याकाळी, चहा झाला की, आजीसमोर बसायचं आणि सरळ विचारायचं. बुत्सुदानला भात किती वाजता ठेवता? त्याआधी मी गादी घडी करून ओशीइरेत, त्या भिंतीतल्या कपाटात, ठेवीन. आंघोळीचा क्रम काय? टबाचं पाणी कोण सोडतं? कचरा कोणत्या दिवशी कोणता बाहेर ठेवायचा? जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि वार ठरलेले. तातामीवर सपाता घालून जायचं नाही, शौचालयाच्या सपाता तिथेच सोडायच्या. हे तू पुस्तकात वाचलं असशील. तरी विचार. विचारलंस की त्यांना सांगण्याची परवानगी मिळते. स्वतःहून ते सांगणार नाहीत, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना संकोच होत नाही.

भाची : आणि जेवणाचं?

मी : ते निघायच्या आधीच लिहून कळव. नुसतं 'शाकाहारी' म्हणू नकोस. मांस नाही, मासा नाही, माशाची दाशी नाही, अंडं आणि दूध चालतं, असं एकेक लिही. कोम्बू आणल्याबद्दल आजीला वेगळी ओळ लिही. आणि एक दिवस स्वयंपाक तू कर. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. तिखट कमी. त्यांच्या मुलीने आपल्याकडे काय खाल्लं, ते आजीला कळू दे.

भाची : भेट काय नेऊ? आई पैठणीचा शेला म्हणतेय.

मी : महाग काही नको. महाग भेट मिळाली की त्यांना तितकीच महाग परत करावी लागते. ताजी फळं तशीच नेता येत नाहीत. टिकणारं, वाटून खाता येणारं ने. चिक्की, बाकरवडी. दोन्ही हातांनी दे. चार नगांचा संच नेऊ नकोस. जपानीत चारचा एक उच्चार 'शि' आहे आणि मृत्यूलाही 'शि'च म्हणतात. त्यांनी तुझ्यासमोर भेट उघडली नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. आणि राहण्याचे म्हणून पैसे मात्र कधी पुढे करू नकोस. परत आल्यावर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं पत्र पाठव. फोनवरचा निरोप त्याच्या जागी चालत नाही.

भाची : मावशी, तुला अजूनही वाटतं का, की तू त्यांना त्रास दिलास?

मी : दिलाच. पाहुणा म्हणून कोणाच्या घरात राहिलं, की त्रास होतोच. तो होऊ नये म्हणून मी आयुष्यभर हॉटेलात उतरत राहिले. आता वाटतं, त्रास कबूल करावा, कमी करावा, विचारून घ्यावा आणि तो आपल्या घरी फेडून घ्यायची तयारी ठेवावी. पण तो टाळण्यासाठी दारातूनच परत फिरू नये.

भाचीने खर्डा पुन्हा समोर ओढला. पहिल्या तीन ओळी तशाच ठेवल्या. पुढच्या सहा ओळींतला पत्ता खोडला. दहावी ओळ पुन्हा वाचली आणि ती राहू दिली. मग तिने आजीसाठी चार ओळींचं पत्र जपानीत लिहिलं. मी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि शेवटी माझ्या हाताने एक ओळ घातली, की तुमच्या घरातलं पाणी दोनदा सोडून दिल्याबद्दल पंचवीस वर्षांनी क्षमा मागते.

परदेशात मित्राच्या घरी राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. बोलावणं मनापासूनचं असेल, तर हॉटेलची आड घेऊ नका. रात्री मोजून घ्या, घराला लॉज करू नका, काय खात नाही ते निघण्याआधी कळवा आणि पहिल्याच संध्याकाळी त्या घराच्या रीती विचारून घ्या. आणि तिकीट काढायच्या आधी आपल्या घरातली एक खोली, एक गादी आणि वर्षातले चार दिवस त्यांच्या नावाने बाजूला ठेवा. त्यांना येण्याचं आमंत्रण आपण परत येण्याची वाट न बघता, त्यांच्याच दारात उभं राहून द्या.